विलीनीकरण

‘विलीन’ हा शब्द संस्कृतातील ‘ली’ म्हणजे चिकटणे, विरघळणे या धातूला ‘वि’ उपसर्ग लागून झाला असून, ‘विलीनीकरण’ या रूपातील ‘नी’मधली दीर्घ ‘ई’ ही ‘च्वि’ प्रत्ययाची, म्हणजे आधी तसे नसलेले तसे करणे हा अर्थ देणाऱ्या प्रत्ययाची, खूण आहे. १९४७च्या सामीलनाम्याने भोर संस्थानचे राजे असलेल्या पंतसचिवांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडे सोपवले होते. ‘सामील’ या मूळच्या अरबी शब्दात सामील होणारा वेगळा उरतोच. औंध, फलटण, सांगली आदींसह दक्षिणी संस्थानांचा संघ उभारण्याचा प्रयत्नही अल्पजीवी ठरला आणि ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान, राजगड-तोरण्याच्या वेल्हे मुलखासह, मुंबई प्रांतात विलीन झाले. याउलट ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडू शकला, कारण तो सभासद होता, विलीन झालेला नव्हता, आणि त्या संघाच्या करारातील ५०व्या कलमात बाहेर पडण्याची वाट आखलेली होती. भारताच्या संविधानाने मात्र घटकराज्यांना अशी वाट ठेवली नाही, आणि कालच्या संस्थानी प्रजेला इतर भारतीयांच्या बरोबरीचे नागरिकत्व कायमचे मिळायचे, तर ती नसणेच निःसंशय योग्य होते.