दिंडीच्या ट्रॉलीत फ्रीज बसवायचाय? कोणता घ्यावा, बॅटरी किती लागते आणि इन्सुलिन कसं जपावं

आषाढी वारी जवळ आली की गावोगावच्या दिंड्यांची गाड्या जुळवायची घाई सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याचं छत, बाजूंना ताडपत्री, आत गाद्या, भांडी, शिधा आणि पाण्याच्या टाक्या. तीन आठवडे हेच घर. अलीकडे या सामानात एका नव्या वस्तूची चौकशी होऊ लागली आहे, ती म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज. कुणाला दूध-भाजीसाठी हवा असतो, पण जास्त करून विचारणा असते ती इन्सुलिनसाठी. दिंडीत साठी ओलांडलेली माणसं जास्त असतात आणि त्यात साखरेचे पेशंट निघतातच.

फ्रीज घेणं सोपं आहे. तो रात्रभर चालू ठेवणं अवघड आहे. म्हणून आधी फ्रीजचे प्रकार बघू आणि मग बॅटरीचा हिशेब करू.

बाजारात तीन जातीचे फ्रीज मिळतात

सगळ्यात स्वस्त म्हणजे 'कार कूलर' किंवा 'मिनी फ्रीज' म्हणून ऑनलाइन दिसतो तो. चार-सहा हजारांत येतो, दिसायला झकास असतो. यात कॉम्प्रेसर नसतो. पेल्टियर नावाची एक छोटी चकती असते, वीज दिली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. हा डबा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. म्हणजे मे महिन्यात परभणीला बाहेर ४२ अंश असेल तर आत २२ ते २७. याला फ्रीज म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. शिवाय यातले बरेचसे सतत ५०-६० वॅट ओढत राहतात, मध्ये बंद पडून विश्रांती घेत नाहीत. काम कमी आणि वीज जास्त. यात पैसे घालू नका.

दुसरी जात गॅसवर चालणारी. परदेशातल्या कॅराव्हॅनमध्ये वर्षानुवर्षं हीच असायची. एलपीजी, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालते म्हणून तिला 'थ्री-वे' म्हणतात. आत अमोनिया फिरतो, आवाज शून्य. पण ती एकदम सपाट उभी लागते, गाडी तिरकी लागली की थंडावा जातो. त्यात गॅसची ज्योत ताडपत्री बांधलेल्या ट्रॉलीत, माणसं झोपलेली असताना जळत ठेवायची म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याची भीती. आपल्या कामाची नाही.

तिसरी, कॉम्प्रेसरवाली. घरच्या फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर, फक्त छोटा आणि थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. वरून झाकण उघडणारी पेटी असते, त्यामुळे उघडली तरी गारवा खाली सांडत नाही. उणे १८ अंशापर्यंत जाते, बर्फही होतो. किंमत मात्र २० हजारांच्या पुढे सुरू होते. घ्यायचाच असेल तर हाच घ्या. दिंडीला ३५ ते ४५ लिटर पुरतो. घेताना चार गोष्टी विचाराच: १२ आणि २४ दोन्हींवर चालतो का, २३० व्होल्टचा अॅडॉप्टर सोबत आहे का, बॅटरी उतरली की आपोआप बंद होण्याची सोय आहे का, आणि बिघडला तर जिल्ह्याच्या ठिकाणी तरी दुरुस्ती होते का. शेवटचा प्रश्न दुकानदाराला आवडत नाही, पण विचारायचा.

घरचा जुना सिंगल डोअर इन्व्हर्टरवर चालवू, असं बरेच जण म्हणतात. चालू होताना तो नेहमीच्या कित्येक पट वीज खेचतो, लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. शिवाय डीसीचं एसी करण्यात वीज वाया जाते ती वेगळीच. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच्या नळ्या किती दिवस टिकतील हाही प्रश्न आहेच.

दिवसाला वीज किती?

४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो. तो सतत चालत नाही, गार झाला की थांबतो. पावसाळी हवेत, सावलीत ठेवला तर निम्मा वेळ चालतो असं धरा. म्हणजे १२ तास गुणिले ४५, दिवसाला ५४० वॅट-तास. अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. बॅटरीच्या भाषेत १२ व्होल्टला ४५ एएच. कडक उन्हाळ्यात हेच दीडपट धरा.

आता बॅटरी. घरी इन्व्हर्टरला असते ती १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घेतली तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ७५ एएच. रोज पूर्ण रिकामी केली तर ती लवकर बसते. ७५ भागिले ४५, म्हणजे दीड दिवस फ्रीज चालला. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्के वापरता येते, म्हणजे तीही जवळपास दोन दिवस जाते. वजनात मोठा फरक आहे. ट्यूब्युलर ५०-६० किलोची, उचलायला दोघं लागतात. लिथियम १०-१३ किलोची. किमतीत लिथियम भारी पडते, आणि तिला तिचाच चार्जर लागतो हे विसरू नका.

हा हिशेब मोडतो तो मोबाईलमुळे. पाच हजार एमएएचचा एक फोन चार्ज करायला साधारण २५ वॅट-तास जातात. वीस जणांनी रात्री त्याच बॅटरीला पिना लावल्या की ५०० वॅट-तास गेले. म्हणजे एक आख्खा दुसरा फ्रीज! फ्रीजच्या बॅटरीला फोन लावायचा नाही, हा नियम दिंडीप्रमुखांनी पहिल्याच मुक्कामाला सांगून टाकावा. भांडणं नंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

गाडीच्या बॅटरीवर जोडायचा का?

चालत्या गाडीत जोडा, उभ्या गाडीत नाही. ट्रॅक्टर किंवा पिकअपची बॅटरी सेल मारण्यासाठी असते. क्षणभर जोरात करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. रात्रभर फ्रीज ओढला की सकाळी सेल लागत नाही, आणि पुढच्या मुक्कामाला स्वयंपाकाचं सामान पोचत नाही. दोनशे माणसं उपाशी बसतात ते एका पेटीपायी. फ्रीजवर बॅटरी संरक्षणाची 'लो, मीडियम, हाय' अशी सेटिंग असते. गाडीच्या बॅटरीवर असताना ती कायम 'हाय'वर ठेवा, म्हणजे बॅटरी थोडी उतरताच फ्रीज स्वतःच थांबेल. स्वतंत्र बॅटरी असेल तर 'मीडियम'.

दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडायच्या असतील तर मध्ये आयसोलेटर रिले बसवून घ्या. इंजिन चालू असताना दोन्ही भरतात, बंद झालं की वेगळ्या होतात. लिथियमसाठी मात्र डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो.

ट्रकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ट्रकला १२ च्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्टची वायर काढणारे वायरमन आहेत. एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त भरते आणि थोड्या दिवसांत दोन्ही खराब. फ्रीज २४ वर चालत असेल तर दोन्ही बॅटऱ्यांवरून जोडा.

वायर बारीक म्हणून फ्रीज बंद

'फ्रीज खराब आहे' अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा दोष वायरचा असतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून ट्रॉलीतल्या फ्रीजपर्यंत पाच मीटर अंतर धरा. जायची पाच, यायची पाच, एकूण दहा मीटर वायर. एक स्क्वेअर एमएमची बारीक वायर टाकली आणि फ्रीजने ५ अॅम्पिअर ओढले, तर वाटेतच जवळपास ०.९ व्होल्ट संपतात. बॅटरीवर १२.२ असताना फ्रीजला ११.३ दिसतात. त्याला वाटतं बॅटरी संपली, तो बंद पडतो. थांबला की व्होल्टेज वर येतं, परत चालू होतो, परत बंद. रात्रभर हाच खेळ, आणि सकाळी आतलं सगळं कोमट.

तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची टाकली तर घट ०.२ वर येते. ६ ची टाकली तर अजून कमी. तांब्याचीच घ्या. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अॅम्पिअरचा फ्यूज हवाच, कारण हादऱ्याने वायर घासून पत्र्याला लागली तर फ्यूजशिवाय थेट आग. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका. हादऱ्याने पिन सैल होते, तापते, आणि बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट बंदच होतं.

सोलरवर भागेल का?

उन्हाळ्यात हो. २०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात, सगळी तूट धरून, दिवसाला ६०० वॅट-तासांच्या आसपास देतं. फ्रीजची गरज भागते. ऊसतोडीला ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत फडाजवळ कोपीत राहणाऱ्या कुटुंबांना हे जमण्यासारखं आहे.

वारी मात्र आषाढात. आभाळ भरलेलं असलं की पॅनल निम्मंसुद्धा देत नाही. आणि वारीत गाडी दिवसाला १५-२० किलोमीटरच सरकते, त्यामुळे अल्टरनेटरकडूनही फार मिळत नाही. खरा आधार मुक्कामाच्या गावातल्या विजेचाच. देवळात, शाळेत किंवा ओळखीच्या घरी चार-पाच तास १५ अॅम्पिअरचा चार्जर लावला की दिवसाचं भरून निघतं. लाईट असेल तोवर फ्रीजही २३० वरच चालवा. चिखलात एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, वर टांगायचा, आणि ईएलसीबी असलेल्या जागेवरूनच वायर घ्यायची.

ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती झोपायच्या बंदिस्त जागेत आणि शेगडीजवळ ठेवू नका. ट्रॉलीच्या मोकळ्या कोपऱ्यात, उभी आणि पट्ट्याने आवळून बांधा, नाहीतर खड्ड्यात ॲसिड सांडतं. फ्रीजलाही भोवती हवा लागते. जाळीच्या बाजूला किमान १० सेंटिमीटर मोकळं सोडा, त्यावर गाद्या रचू नका.

इन्सुलिनचं काय?

इथे धोका उलट्या बाजूने असतो. लोक गरमीला घाबरतात, पण कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन गोठून जास्त वाया जाऊ शकतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. एकदा गोठलं की ते फेकायचंच, वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी. कुणीतरी पाण्याच्या बाटल्या लवकर गार व्हाव्यात म्हणून आकडा उणेवर नेतो, आणि सकाळी वीस जणांचा साठा गेला. आकडा ५ वर ठेवा आणि पॅनल लॉक करा. औषध कोरड्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, भिंतीला न टेकवता. कॉम्प्रेसरच्या वरचा जो उथळ कप्पा असतो तो सहसा कमी गार असतो, तिथे ठेवणं जास्त सुरक्षित. आत एक वेगळा थर्मामीटर टाका, बाहेरचा आकडा सगळ्या कोपऱ्यांचा नसतो.

बर्फाची पेटी वापरणाऱ्यांनीही हेच पाळा. बर्फाला औषध टेकवू नका आणि बर्फात मीठ तर मुळीच नको, मिठाने पेटी शून्याच्या खाली जाते.

आता खर्च वाचवणारी गोष्ट. रोज वापरात असलेल्या पेनला किंवा उघडलेल्या बाटलीला फ्रीज लागतच नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. नेमकं किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं, औषधाच्या दुकानात विचारून घ्या. दिंडीत एक-दोघंच पेशंट असतील तर ओल्या वाळूच्या मडक्यात कोरडा डबा ठेवला, मडकं सावलीत ठेवलं, तरी आषाढातल्या हवेत भागतं. फ्रीजचा खर्च परवडतो तो बरेच पेशंट आणि तीन आठवड्यांचा साठा एकत्र न्यायचा असेल तेव्हा. नेहमी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, गुठळ्या दिसल्या किंवा बाटलीच्या काचेला पांढरा थर धरला, तर टोचू नका.

आणि दूध?

गवळी भाऊ विचारतात, वीस लिटर धारेचं दूध यात गार होईल का. धारेचं दूध ३५ अंशांचं असतं. वीस लिटर ५ अंशावर आणायला साडेसहाशे वॅट-तासांची उष्णता बाहेर काढावी लागते, आणि हा छोटा कॉम्प्रेसर तासाला ६० च्या आसपासच काढतो. म्हणजे दहा तासांहून जास्त. तोवर दूध नासलेलं असेल. हा फ्रीज गार केलेली वस्तू गार ठेवतो, गरम वस्तू झटकन गार करत नाही. दूध आधी बर्फाच्या पाण्यात कॅन बुडवून गार करा. पाच किलो बर्फ वितळताना जवळपास ४६० वॅट-तासांएवढी उष्णता शोषतो, तेही लगेच आणि बॅटरीशिवाय.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रीज घरच्या विजेवर पूर्ण गार करून घ्या, सामानही गार करूनच भरा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाका, झाकण उघडलं तरी थंडावा टिकतो. रात्री 'इको' मोडवर ठेवा. आणि बॅटरीला व्होल्टमीटर लावा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लोड काढून थोडा वेळ थांबून बघितलं आणि १२.६ च्या वर दाखवलं तर ट्यूब्युलर भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ दिसलं तर त्या रात्री फ्रीज बंद करून जवळच्या घरी चार्जरला लावा. लिथियमला हे आकडे लागू नाहीत, तिचा टक्का तिच्या मीटरवर किंवा ॲपवरच बघायचा.