मुदत आणि रांग : परदेशातील कायम वास्तव्याच्या प्रतीक्षेचा इतिहास

प्रास्ताविक

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरील जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार या भागातून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या पिढीचा एक प्रवाह गेल्या तीन दशकांत अमेरिकेपर्यंत पोहोचला. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. पुढे दहावी-बारावीच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. आणि १९९० च्या दशकात संगणक व्यवसायाने पुण्या-मुंबईच्या वाटेने परदेशाचे दार उघडले. सणावाराला गावी आलेल्या मुलाकडे नोकरीची चौकशी आता कोणी फारशी करीत नाही. ‘ग्रीन कार्ड झाले का?’ हा प्रश्न मात्र हमखास येतो आणि ‘अजून नंबर लागला नाही’ हे उत्तरही तेवढेच ठरलेले असते.

हे उत्तर शब्दशः खरे आहे. तथापि ऐकणारा त्याचा अर्थ सरकारी दिरंगाई असा घेतो. कागद कुठेतरी टेबलावर अडकला आहे, कोणीतरी पुढे सरकवला की काम होईल, अशी ही समजूत. वस्तुतः या प्रतीक्षेत कार्यालयीन विलंबाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा कायद्याने घालून दिलेल्या संख्येचा आहे. परक्या मुलखात स्थायिक होण्याचा हक्क देताना राज्यसंस्था दोन निरनिराळ्या मापांचा उपयोग करतात. एक मुदतीचे माप : इतकी वर्षे राहा, मग हक्क मिळेल. दुसरे रांगेचे माप : वर्षाला इतक्यांनाच हक्क मिळेल, बाकीच्यांनी थांबावे. या दोहोंतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या प्रतीक्षेचे स्वरूप उलगडत नाही. मुदतीचे माप मराठवाड्याला अपरिचित नाही.

मुलकीची पंधरा वर्षे

१९४८ पर्यंत हा सर्व भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सरकारी नोकऱ्या ‘मुलकी’ म्हणजे तेथील रहिवाशांसाठी राखलेल्या असत. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात १९१९ मध्ये प्रसृत झालेल्या नियमांनुसार जन्माने संस्थानची प्रजा असलेली व्यक्ती मुलकी ठरे. मुलकी पुरुषाची पत्नी मुलकी ठरे. ज्याच्या जन्मावेळी वडिलांची संस्थानातील नोकरी १५ वर्षांची झाली होती, तोही मुलकी ठरे. बाहेरून आलेल्यास मात्र किमान १५ वर्षे संस्थानात वास्तव्य करावे लागे आणि मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात, दंडाधिकाऱ्यासमोर, करून द्यावे लागे.

या व्यवस्थेचे परिणाम कधी कधी विचित्र दिसत. ब्रिटिश अमलाखालील सोलापूरहून आलेला मराठी माणूस लातुरात गैरमुलकी आणि वरंगळचा तेलुगूभाषक तेथेच मुलकी, अशी स्थिती होती. मुलकी हा हक्क मुख्यतः नोकरीपुरता होता, राहण्याच्या परवानगीचा नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यामुळे त्याची ग्रीन कार्डाशी तंतोतंत तुलना होऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट होती. १५ वर्षे हा काळ दीर्घ असला तरी त्याचा शेवट पहिल्या दिवशीच ठाऊक असे. आपल्याआधी किती जण आले, आपला जन्म कोणत्या प्रांतात झाला, यावर तो कमी-जास्त होत नसे. माणसाला आयुष्याची आखणी करता येत असे.

पोलीस कारवाईनंतर बाहेरच्या प्रांतांतून आलेल्यांनी खोटे मुलकी दाखले मिळवून नोकऱ्या घेतल्याच्या तक्रारी वाढल्या. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद शहरात मुलकी आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९५७ मध्ये संसदेने सरकारी नोकरीसाठी निवासाची अट घालणारे नियम दूर करणारा कायदा केला. तेलंगणातील वाद तेवढा १९७३ पर्यंत न्यायालयांत आणि रस्त्यांवर चालत राहिला. मुदत कितीही स्पष्ट असली तरी तिच्याभोवती खोटे दाखले आणि दंगे उभे राहू शकतात, एवढे या इतिहासावरून दिसते.

मुदतीत मध्येच बदल करण्याचे उदाहरण अलीकडचे आहे. ब्रिटनने एप्रिल २००६ मध्ये कुशल स्थलांतरितांच्या कायम वास्तव्याची अट ४ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली आणि ती आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावली. त्यांनी दाद मागितली आणि २००९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने जुनी ४ वर्षांची अटच त्यांना लागू राहील असा निर्णय दिला. मुदत हे एक प्रकारचे वचन असते, म्हणूनच तिच्याविषयी न्यायालयात उभे राहता येते. रांगेविषयी असा आधार शोधणे कठीण जाते.

समतेच्या हेतूने आलेली मर्यादा

अमेरिकेत भारतीयांसाठी रांग नव्हे, भिंतच होती. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतांश भागातून होणारे स्थलांतर रोखले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९४६ मध्ये ही बंदी उठली. तथापि भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा आल्या.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने वंश आणि राष्ट्र पाहून जागा देण्याची पद्धत मोडीत काढली. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १ लाख ७० हजार आणि कोणत्याही एका देशासाठी जास्तीत जास्त २० हजार, अशी मर्यादा आली. युरोपातील काही मोजक्या देशांना झुकते माप देणारी जुनी पद्धत पाहता, सर्व देशांना सारखी मर्यादा हा तेव्हा समतेचा विचार होता. त्या कायद्यामुळे आलेल्या डॉक्टर-अभियंत्यांतूनच उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे वाढली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. त्या पिढीच्या आठवणींत ग्रीन कार्डाच्या प्रतीक्षेला फारसे स्थान नाही याचे कारण तिचे कर्तृत्व नव्हे. रांगेत तेव्हा माणसेच थोडी होती.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे द्यावयाच्या कायम वास्तव्याची संख्या वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली आणि एका देशाची मर्यादा ७ टक्के केली. साध्या हिशेबाने हा आकडा ९ हजार ८०० होतो. इतरांनी न वापरलेल्या जागा काही वेळा भारतीयांना मिळतात, परंतु मूळ मर्यादा तीच. आइसलँड आणि भारत यांना एकच माप. याच कायद्याने एच-१बी या तात्पुरत्या परवान्याची संख्या वर्षाला ६५ हजार ठेवली. तिला मात्र देशवार मर्यादा नव्हती. पुढे २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी ती १ लाख ९५ हजारांपर्यंत नेण्यात आली. या परवान्यांचा मोठा भाग भारतीयांकडे गेला. आत येण्याचे दार रुंद आणि स्थायिक होण्याचे दार अरुंद, अशी ही रचना कोणी मुद्दाम केली असे म्हणता येत नाही. दोन तरतुदी निरनिराळ्या हेतूंनी झाल्या आणि त्यांचा भार मधल्या माणसांवर आला.

आणखी एक बारकावा फार थोड्यांच्या ध्यानात येतो. १ लाख ४० हजारांत अर्जदाराची पत्नी आणि मुलेही मोजली जातात. चौघांच्या एका कुटुंबाला चार जागा लागतात. म्हणजे १ लाख ४० हजार ही कामगारांची संख्या नसून कुटुंबांतील माणसांची आहे.

पुढे जाणारी आणि मागे येणारी तारीख

अर्जाची पद्धत अशी. नोकरी देणारी संस्था बहुतेक प्रकरणांत प्रथम श्रम विभागाकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. तो ज्या दिवशी दाखल होतो ती अर्जदाराची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे अग्रक्रमाची तारीख. परराष्ट्र खाते दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यातील तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली तरच ग्रीन कार्ड मिळू शकते. रांग जन्मदेशावरून ठरते, नागरिकत्वावरून नव्हे. लातुरात जन्मलेल्या माणसाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. त्याची पत्नी अन्य देशात जन्मलेली असेल तर तिच्या रांगेचा लाभ मात्र त्याला घेता येतो.

ऑक्टोबर २००५ च्या बुलेटिनात भारतात जन्मलेल्यांसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या तारखा अनेक वर्षे मागे गेल्या. बँकेच्या रांगेत पुढचा माणूस दिसतो, आपण किती सरकलो ते कळते. या रांगेत पुढे किती जण आहेत ते दिसत नाही आणि ती उलट्या दिशेनेही सरकते.

जून २००७ मध्ये अनपेक्षित घोषणा झाली. जुलैच्या बुलेटिनात नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांच्या तारखा खुल्या करण्यात आल्या. कुटुंबांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, गावाकडून जन्मदाखले मागवले. मराठवाड्यातील अनेकांच्या बाबतीत हे अवघड असते, कारण जुन्या जन्मनोंदी नसतात किंवा नावाविना असतात. अशा वेळी नोंद नसल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. २ जुलै रोजी, म्हणजे अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, ही घोषणा मागे घेण्यात आली. त्यावर अर्जदारांनी जे केले ते भारतीय वाचकाला चटकन समजेल. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरितांच्या नोंदणीच्या प्रश्नावर सुरू झालेला गांधीजींचा मार्ग ‘लगे रहो मुन्नाभाई’ या २००६ च्या चित्रपटाने नव्या रूपात लोकांसमोर आणला होता. १० जुलै रोजी स्थलांतर सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पोहोचले. त्यांनी ती फुले लष्करी रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे पाठवली. १७ जुलै रोजी निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे जाहीर झाले. अर्ज स्वीकारले गेले, त्यामुळे पत्नीला काम करण्याची आणि नोकरी बदलण्याची सोय झाली. एकूण जागांची संख्या मात्र एकानेही वाढली नाही, ही बाब त्या वेळच्या आनंदात मागे पडली.

कुटुंबातील वेगवेगळी वये

२००० च्या एका कायद्याने रांगेतील माणसाला एच-१बी परवाना ६ वर्षांनंतरही वाढवून घेण्याची मुभा दिली. ही सवलत मोठी होती. पण तिच्यामुळे तात्पुरता परवाना वर्षानुवर्षे चालू लागला. पत्नीला एच-४ परवान्यावर नोकरी करता येत नसे. मे २०१५ पासून, पतीसाठी नोकरी देणाऱ्या संस्थेने केलेली स्थलांतर याचिका मंजूर असल्यास तिला काम करण्याची परवानगी मिळाली. तत्पूर्वीच्या दशकात उच्चशिक्षित स्त्रियांची कितीतरी वर्षे घरात गेली. या विषयावरील लेखनात त्या वर्षांची गणना क्वचितच होते.

आईवडिलांचा प्रश्न निराळा आहे. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी अर्ज करताच येत नाही. तो हक्क नागरिकाला आहे आणि त्यासाठी ग्रीन कार्ड मिळाल्यावर सामान्यतः आणखी ५ वर्षे जावी लागतात. तोपर्यंत वृद्ध आईवडिलांची भेट पर्यटक व्हिसावर होते.

ही मर्यादा समर्थनीय आहे, असे म्हणणारा पक्षही आहे. देशवार मर्यादा काढल्यास पुढील अनेक वर्षे बहुतेक जागा भारतीयांकडेच जातील आणि अन्य देशांतील लोकांना थांबावे लागेल, हा त्याचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. कॅनडाची पद्धत वेगळी आहे. १९६७ पासून तेथे गुणांकन आले आणि २०१५ पासूनच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त जन्मदेशाचा विचारच नाही. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-१बी धारकांसाठी तात्पुरते १० हजार कामाचे परवाने जाहीर केले तेव्हा दोन दिवसांच्या आत ती मर्यादा संपली. अमेरिकेतील प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी आणि सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये देशवार मर्यादा हटवणारी विधेयके मंजूर केली. परंतु दोन मसुदे वेगळे होते, ते एकत्र आले नाहीत आणि विषय तेथेच थांबला. केटो इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या गणितानुसार नव्याने अर्ज करणाऱ्या भारतीयाची प्रतीक्षा १३४ वर्षे भरते. एवढी वर्षे कोणी जगत नाही, म्हणून हा आकडा प्रतीक्षेचा न राहता नकाराचा ठरतो.

मुलांच्या बाबतीत रांगेचा अर्थ सर्वांत स्पष्ट होतो. आईवडिलांच्या अर्जात मूल २१ वर्षांचे होईपर्यंतच राहते. ऑगस्ट २००२ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. त्यानुसार नोकरीवर आधारित प्रकरणात कार्यालयात अर्ज तपासण्यात गेलेला काळ मुलाच्या वयातून वजा होतो. रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. कायद्याने विलंबाची भरपाई दिली, प्रतीक्षेची नाही. त्यामुळे एकाच घरात अमेरिकेत जन्मलेले धाकटे भावंड जन्मतः नागरिक आणि दोन वर्षांचे असताना लातूरहून नेलेले थोरले भावंड २१ व्या वर्षी रांगेबाहेर, अशी कुटुंबे आढळतात. त्या थोरल्या मुलाला शिक्षण चालू ठेवण्यासाठी बहुधा विद्यार्थी परवाना घ्यावा लागतो. त्याची अट अशी की अर्जदाराचे घर परदेशात असले पाहिजे आणि ते सोडण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र हैदराबादेतील दंडाधिकारी पंधराव्या वर्षानंतर मागत असे. येथे दोन दशके अमेरिकेत वाढलेल्या मुलाला, ज्या घरात तो कधी राहिला नाही त्या घरी आपण परत जाणार आहोत, असे सांगावे लागते.