माठापाशी भेटलेला देव

राहात्याहून नगरला एसटीने जाताना वाटेत राहुरी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार काही वर्षे या गावात होता. ख्रिस्ती श्रद्धेतला देव रोजच्या जगण्यात कुठे भेटतो, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधायचे तर या घराकडे पाहावे.

टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोकणस्थ ब्राह्मण घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याचा देव त्यांनी ऐकून घेतला असता. त्याच्या माणसांच्या हातचे पाणी मात्र घशाखाली उतरेना. पुढे विचार करता करता त्यांच्या मनाने कौल दिला, की माणूस देवाने घडवला आणि जाती माणसांनी. त्या दिवसापासून त्यांनी विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत-खेळत, स्वतःचीच थट्टा करत सांगितले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंचे पुस्तक आज मराठीत अभिजात मानले जाते, हे आपल्या गुरुजनांना मुद्दाम सांगायला नकोच.

यात योगायोग नाही. योहानाच्या शुभवर्तमानात दमलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, म्हणून ती चकित होते. देवाविषयीचे बोलणे तिथे सुरू होते ते घोटभर पाण्यावरून. देव मनुष्य होऊन सुताराच्या घरी वाढला, असे मानणाऱ्या श्रद्धेत विहीर, भाकरी, पंगत या गोष्टी क्षुल्लक राहत नाहीत. प्रभुभोजनाचा विधीही एकाच भाकरीतून वाटून खाण्याचा.

टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ स्थापला, तोही याच ओढीने. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्व ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. 1919 साली ते गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

मित्रहो, शाळेत एकाच नळाखाली ओंजळ धरून आपण पाणी प्यायलो, तेव्हा शेजारच्याची जात विचारली नाही. आपल्याला त्यात विशेष काही वाटले नाही. ते तसे वाटू नये म्हणून आधीच्या पिढ्यांतल्या कित्येकांना, हिंदू असोत वा ख्रिस्ती, आपल्या घरातला माठ ओलांडावा लागला. आज मुलांची लग्ने जमवताना आपल्यापुढेही तसाच एखादा माठ येतो. तो ओलांडायचा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.