वर्षाचे गाणे : एका जपानी पारितोषिकाची कथा

1977 सालच्या 31 डिसेंबरला संध्याकाळी टोकियो आणि भोवतालच्या कान्तो प्रदेशात, दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांपैकी 50.8 टक्के घरांत एकच कार्यक्रम चालू होता. युद्धाची वार्ता नव्हती, क्रीडास्पर्धा नव्हती. सरत्या वर्षातील सर्वोत्तम गाणे कोणते, हे जाहीर होण्याची लोक वाट पाहत होते. त्या रात्री सावादा केंजी या गायकाच्या गाण्याला ‘निहोन रेकॉर्ड ताइशो’ म्हणजे ‘जपान ध्वनिमुद्रिका महापारितोषिक’ मिळाले. (जपानी नावांत आडनाव आधी येते, येथे तोच क्रम ठेवला आहे.) त्यानंतर या कार्यक्रमाला इतका प्रेक्षक कधीही लाभला नाही.

गाण्याच्या पारितोषिकाचा इतिहास तो काय लिहायचा, असे काही वाचकांना वाटेल. पण एका संपूर्ण राष्ट्राने एका संध्याकाळी एकत्र बसून एखाद्या गाण्याच्या गुणवत्तेचा निवाडा ऐकावा, ही घटना इतिहासात वारंवार घडत नाही. ती जपानमध्ये सुमारे वीस वर्षे घडली आणि मग घडेनाशी झाली. हे कसे झाले, ते पाहण्याजोगे आहे.

पारितोषिकाची स्थापना 1959 साली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत ग्रॅमी पारितोषिके प्रथम दिली गेली होती, आणि जपानी संगीतकारांनी तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवला. पुढाकार जपान संगीतकार संघाचा. त्याचे अध्यक्ष होते कोगा मासाओ, आणि त्यांच्या बरोबरीने उभे होते हात्तोरी र्योइची. ही दोन नावे जपानी सुगम संगीतात केवढी मोठी, हे सांगायचे तर एवढेच म्हणतो की 1930 नंतरच्या तीन दशकांत त्या देशात जे गुणगुणले गेले त्याचा मोठा हिस्सा या दोघांच्या हातचा होता. कोगांच्या चाली गिटार आणि मॅंडोलिनवर तोललेल्या, खिन्न. हात्तोरींच्या जॅझच्या अंगाने जाणाऱ्या, उड्या मारणाऱ्या. युद्धोत्तर भग्न शहरांत लोकांना हसायला लावणारे ‘टोकियो बुगिवुगी’ हे हात्तोरींचेच.

हेतू स्पष्ट होता. गाणे गाजले की नाव गायकाचे होते आणि पैसा कंपनीचा. ज्यांनी ते रचले ते पडद्यामागेच राहतात. म्हणून पारितोषिक गायकाला नव्हे, ‘कृती’ला द्यायचे, आणि गायकाबरोबर कवी व संगीतकार यांनाही त्याचे मानकरी ठरवायचे. कलात्मकता, स्वतंत्र प्रतिभा आणि त्या वर्षाच्या लोकमानसाचे प्रतिबिंब, असे निकष ठेवले गेले. आपल्याकडे हे अंतर तितके तीव्र नव्हते. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही नावे श्रोत्याला गाण्याइतकीच पाठ झाली. जपानमध्ये मात्र कवी आणि संगीतकार ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी कराराने बांधलेले असत. एका कंपनीच्या संगीतकाराची चाल दुसऱ्या कंपनीच्या गायकाने गायची नाही, असा तो दंडक. कोगा आणि हात्तोरी हेही याच व्यवस्थेत वाढलेले.

आणि पहिल्याच वर्षी परीक्षकांनी जो निर्णय दिला तो या व्यवस्थेलाच छेद देणारा होता. 27 डिसेंबर 1959 रोजी टोकियोतील बुन्क्यो सार्वजनिक सभागृहात पहिले महापारितोषिक ‘कुरोइ हानाबिरा’ (काळी पाकळी) या गाण्याला जाहीर झाले. गायक मिझुहारा हिरोशी चोवीस वर्षांचा, आणि ही त्याची पदार्पणाची ध्वनिमुद्रिका. शब्द लिहिणारा एइ रोकुसुके सव्वीस वर्षांचा, नभोवाणी-दूरचित्रवाणीसाठी संहिता लिहिणारा. चाल देणारा नाकामुरा हाचिदाई अठ्ठावीस वर्षांचा जॅझ पियानोवादक. दोघेही कोणत्याच कंपनीच्या दावणीला बांधलेले नव्हते. मिझुहाराचा खर्जातला, किंचित खरखरीत आवाज आणि रॉकच्या तीन-तीन मात्रांच्या ठेक्यावर चाललेला शोक, हे जुन्या साच्यात बसणारे नव्हते. साठीकडे झुकलेल्या बुजुर्गांनी उभारलेल्या व्यासपीठावर पहिला मान विशी-पंचविशीतल्या उपऱ्यांना मिळाला. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मनोज्ञ वाटते. पुढे 1960 नंतरच्या दशकात ती करारपद्धत ढिली झाली. तिचे श्रेय एकट्या पारितोषिकाला देता येणार नाही, पण वारा कुठून वाहतो आहे ते पहिल्याच रात्री दिसले होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये युवराज आकिहितो यांचा विवाह झाला होता आणि तो पाहण्यासाठी जपानी कुटुंबांनी दूरचित्रवाणी संच मोठ्या संख्येने विकत घेतले होते. पारितोषिक सोहळ्याचे प्रक्षेपण ‘रेडिओ टोकियो’च्या वाहिनीने केले. हीच संस्था पुढल्या वर्षी टीबीएस या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि आजतागायत हा सोहळा तिच्याकडेच आहे. म्हणजे हे पारितोषिक आणि दूरचित्रवाणी ही जवळजवळ जुळी भावंडे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे एका भावंडाने दुसऱ्याला खांद्यावर घेतले आणि नंतर त्यालाच दाबलेही.

परीक्षकांचा कौल आणि काळाचा कौल नेहमी जुळत नाही, हेही लवकरच दिसले. एइ आणि नाकामुरा या जोडीचेच, साकामोतो क्यू याने गायलेले ‘उए ओ मुइते आरुको’ 1961 साली आले. त्या वर्षीचे महापारितोषिक मात्र गेले ‘किमी कोइशी’ या जुन्या गाण्याच्या, फ्रॅंक नागाई याने गायलेल्या नव्या ध्वनिमुद्रिकेला. दोन वर्षांनी, जून 1963 मध्ये साकामोतोचे ते गाणे ‘सुकियाकी’ या विचित्र नावाने (सुकियाकी हा गोमांसाचा एक पदार्थ आहे, गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही) अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या स्थानी राहिले. जपानी भाषेतील दुसऱ्या कोणत्याही गाण्याला हे साधलेले नाही. योगायोग असा की त्याच 1963 साली या जोडीला दुसऱ्यांदा महापारितोषिक मिळाले, पण ते नाकामुराच्या घरी जन्मलेल्या बाळाच्या निमित्ताने रचलेल्या ‘कोन्निचिवा आकाचान’ या प्रसन्न गाण्यासाठी.

1965 साली मिसोरा हिबारी हिला ‘यावारा’ या गाण्यासाठी महापारितोषिक मिळाले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला होता, आणि हे गाणे ज्यूदोवीराच्या निग्रहाचे. त्याचे संगीतकार कोण, तर संघाचे अध्यक्ष कोगा मासाओ स्वतः. माझ्या नोकरीच्या काळात एका पुरस्कार-निवड समितीचे सचिवपद काही वर्षे माझ्याकडे होते. अशी नस्ती समोर आली असती तर तिच्यावर शेरा मारल्याशिवाय मी ती पुढे सरकवली नसती. गाणे अतिशय लोकप्रिय होते, आणि हिबारी ही तर त्या पिढीचा कंठच. निर्णय अयोग्य होता असे मला म्हणावयाचे नाही. पण योग्य निर्णयसुद्धा योग्य मार्गानेच यावा लागतो.

खरे स्थित्यंतर 1969 साली घडले. त्या वर्षापासून सोहळा 31 डिसेंबरला, सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकाजवळील शाही नाट्यगृहात होऊ लागला आणि त्याचे देशभर थेट प्रक्षेपण सुरू झाले. जपानी वर्षअखेरीची रात्र म्हणजे आपल्याकडील दिवाळी आणि गुढीपाडवा एकत्र केल्यासारखी : घरे झाडून स्वच्छ केलेली, दूरची मुले परतलेली, सोबाच्या लांब शेवया शिजत असलेल्या, आणि नऊ वाजता एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर स्त्रिया विरुद्ध पुरुष असा गायनाचा सामना, ‘कोहाकु उता गास्सेन’. 1963 साली या सामन्याला 81.4 टक्के प्रेक्षक लाभले होते. टीबीएसने या महानदीशी टक्कर घेण्याऐवजी तिच्या तोंडाशी आपली होडी लावली. सातच्या सुमारास पारितोषिक सोहळा सुरू करायचा आणि नऊपूर्वी संपवायचा. दोन्ही ठिकाणी गाणारे कलावंत तेच. 1973 पासून एनएचकेचा सामना शिबुया भागातील नव्या सभागृहात होऊ लागला, तेव्हा किमोनो आणि झगमगत्या पोषाखातल्या गायकांना मोटारींतून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावावे लागे. ही धावपळ हाच लोकांच्या कौतुकाचा विषय झाला.

याच काळात पारितोषिकाने काही अत्यंत चोखंदळ निवडी केल्या. 1972 साली कोयानागी रुमिको हिचे ‘सेतो नो हानायोमे’ घरोघरी गाजत असताना महापारितोषिक गेले चिआकी नाओमी हिच्या ‘कास्साइ’ला, जे येऊन उणेपुरे तीन-चार महिने झाले होते. पूर्वीच्या प्रियकराच्या मृत्यूची वार्ता कळल्यावरही रंगमंचावर उभी राहून गाणाऱ्या गायिकेचे ते मनोगत आहे. 1975 चे गाणे ‘सिक्लामेन नो काओरी’. त्याचे शब्द आणि चाल दोन्ही ओगुरा केइ यांची, आणि हे गृहस्थ तेव्हा एका मोठ्या बँकेत रीतसर नोकरी करीत होते. ती त्यांनी पुढेही बरीच वर्षे सोडली नाही. फाइलींच्या ढिगाऱ्याशेजारी कविता करणाऱ्या आपल्याकडील कितीतरी सज्जनांना यातून धीर यावा.

दूरचित्रवाणीचा हात किती वर चढला होता, ते आकु यू या कवीच्या कारकिर्दीतून कळते. कवी म्हणून त्यांच्या पाच गाण्यांना महापारितोषिक लाभले. 1976, 1977 आणि 1978 अशी तर ओळीने तीन वर्षे. आकु यू हे मूळचे जाहिरातक्षेत्रातले. 1971 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार तान्जो’ या नवोदितांच्या स्पर्धेची आखणी त्यांची, आणि तिच्या परीक्षकांतही ते होते. त्याच स्पर्धेतून ‘पिंक लेडी’ ही दोन तरुणींची जोडी निघाली, तिच्यासाठी गाणी त्यांनीच लिहिली, आणि 1978 साली तिच्या ‘यूएफओ’ या गाण्याला महापारितोषिक मिळाले. प्रतिभेविषयी शंका नाही. त्याच लेखणीने ‘किता नो यादो कारा’सारखे उत्तरेच्या थंडीतले विरहगीतही दिले आहे. परंतु गायक शोधायचा, घडवायचा, गाणे द्यायचे आणि वर्षअखेरीस त्याच काचेच्या पडद्यावर त्याचा गौरव पाहायचा, हे वर्तुळ पूर्ण झाले होते. कृतीसाठी निघालेले पारितोषिक चेहऱ्यांचे झाले होते. त्याच 1978 च्या जुलैत, वीस दिवसांच्या अंतराने, पहिल्या पारितोषिकाचा गायक मिझुहारा (वय अवघे 42) आणि संस्थापक कोगा हे दोघेही निवर्तले.

1989 हे वर्ष जपानला अनेक अर्थांनी शेवटाचे ठरले. जानेवारीत सम्राट हिरोहितो गेले आणि शोवा पर्व संपले. 24 जूनला मिसोरा हिबारी गेली, वयाच्या 52 व्या वर्षी. तिचे ‘कावा नो नागारे नो यो नी’ हे गाणे त्याच जानेवारीत निघाले होते आणि तिच्या मृत्यूनंतर ते जणू राष्ट्राचे निरोपगीत झाले. डिसेंबरात महापारितोषिक मात्र मिळाले ‘विंक’ या, निर्विकार मुद्रेने गाणाऱ्या दोन मुलींच्या गाण्याला. पुष्कळांना तो निर्णय झोंबला. मला वाटते, परीक्षकांपुढचा पेच खरा होता : निकष म्हणतो वर्षाचे प्रतिबिंब, आणि त्या वर्षाचे प्रतिबिंब दोन होते. आजी-आजोबांचे एक, नातवंडांचे दुसरे. त्याच रात्री एनएचकेने आपला सामना दोन भागांचा करून सात वाजून वीस मिनिटांनी सुरू केला, आणि नदीच्या मुखाशी लावलेली होडी नदीनेच बुडवली.

पुढल्या वर्षी आयोजकांनी पेचावर जो तोडगा काढला तो नमुनेदार प्रशासकीय आहे : विभाजन. 1990 ते 1992 या तीन वर्षांत पॉप-रॉकचे एक आणि एन्का-भावगीतांचे दुसरे, अशी दोन महापारितोषिके दिली गेली. 1990 साली एकीकडे ‘चिबी मारुको-चान’ या मुलांच्या चित्रमालिकेतील गाणे आणि दुसरीकडे होरिउची ताकाओ यांचे प्रौढ प्रेमगीत, असे शेजारी-शेजारी उभे राहिले. ‘वर्षाचे गाणे’ दोन असू शकत नाही, हे कळायला तीन वर्षे लागली. 1993 मध्ये पारितोषिक पुन्हा एक झाले. श्रोते मात्र एक झाले नाहीत. घराघरातला एकुलता संच जाऊन कानाकानात स्वतंत्र यंत्र आले होते.

आपल्या पिढीला यातले बरेच ओळखीचे वाटेल. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की इंदूर असो वा बडोदे, गल्ली ओस पडे. अमीन सयानी वर्षअखेरीस क्रमवारी सांगत ती तबकड्यांची विक्री आणि श्रोतेसंघांची मते यांवरून. तेथे परीक्षक नव्हते, म्हणून त्यांच्यावर रुसण्याची सोयही नव्हती. जपान्यांनी लोकप्रियतेच्या शेजारी गुणवत्तेची खुर्ची मांडली आणि त्या खुर्चीमुळे ओढवणारे सारे वादही पत्करले. त्यांतला सर्वांत कटू वाद 2016 चा. त्या वर्षी एका साप्ताहिकाने, आदल्या वर्षीच्या पारितोषिकासाठी दहा कोटी येन मोजले गेल्याचा आरोप छापला. सोहळा बंद पडला नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीवर एकदा असा डाग आला की तो पुसणे कठीण. ‘काळी पाकळी’चा कवी एइ रोकुसुके त्याच वर्षी जुलैत वारला होता.

2006 पासून सोहळा 31 ऐवजी 30 डिसेंबरला होतो. वर्षअखेरीची रात्र त्याने एनएचकेच्या सामन्याला मोकळी करून दिली. 2011 आणि 2012 चे मानकरी एकेबी48 आणि 2017 व 2018 चे नोगिझाका46, या दोन्ही विशाल कन्यासमूहांचा कर्ता-करविता आणि त्यांच्या गाण्यांचा कवी एकच, आकिमोतो यासुशी. हिबारीच्या त्या निरोपगीताचे शब्द लिहिणारा तरुण तो हाच. आणि 2019 चे महापारितोषिक गेले ‘पाप्रिका’ला : गाणारी पाच मुले, शब्द आणि चाल योनेझु केन्शी या गीतकार-गायकाची. शाळाशाळांतून मुले ते हातवारे करीत म्हणत, आणि घरची वडीलधारी माणसेही त्यांच्यामागून म्हणत.