'हॅलो नेबर' : कुलूपबंद तळघराचा हा गेम आहे तरी काय?

समोरच्या घरात एक मिशीवाला शेजारी राहतो. त्यानं तळघराला कुलूप ठोकलंय. आत काय आहे, ते त्याच्या नजरेला न पडता शोधायचं. 'हॅलो नेबर' या लपूनछपून खेळायच्या भीतीदायक गेमचा सगळा डाव एवढाच.

कुणी काढला?
रशियातल्या डायनॅमिक पिक्सेल्स या स्टुडिओनं तो बनवला आणि अमेरिकेच्या टायनीबिल्ड कंपनीनं बाजारात आणला. ८ डिसेंबर २०१७ ला तो विंडोज आणि एक्सबॉक्स वनवर आला. जुलै २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४, निन्टेन्डो स्विच आणि मोबाइलवरही. दुसरा भाग डिसेंबर २०२२ मध्ये निघाला.

भीती कशाची वाटते?
यात भूत नाही, रक्तपातही जवळपास नाही. भीती आहे ती शेजाऱ्याच्या डोक्याची. खेळणारा एकाच खिडकीतून वारंवार शिरला, तर तो तिथं सापळा मांडतो, कॅमेरा बसवतो. कालची वाट आज बंद! पकडलं गेलं तरी गेम संपत नाही; खेळणाऱ्याला घराबाहेरून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणजे पाठांतर चालत नाही, रोज नवी शक्कल लढवावी लागते.

गोष्ट मात्र हलकी नाही
संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. पण रंगीत, कार्टूनसारख्या चित्रांमागे अपघात, घरातली माणसं गमावणं आणि लहान मुलाला कोंडून ठेवणं असं कथानक आहे. अमेरिकेत या गेमला दहा वर्षांवरील मुलांसाठीचं मानांकन आहे. घाबरट मुलांना एकट्यानं रात्री खेळू देण्याआधी आई-वडिलांनी थोडा वेळ शेजारी बसून पाहिलेलं बरं. कल्पनेचं कौतुक झालं, तरी अवघड कोडी, अडखळणारे कंट्रोल आणि बग यांवरून समीक्षकांनी गेमला बरंच झोडपलंही होतं.

जुगाराशी संबंध नाही
पैसे लावून ऑनलाइन रमी खेळण्यावर तेलंगणानं २०१७ मध्येच बंदी घातली. 'हॅलो नेबर' त्यातला नाही. यात पैज लागत नाही, जिंकून पैसे मिळत नाहीत. 'गेम' म्हटलं की सगळं एकाच तराजूत तोलू नये.

हैदराबादला काय जमेल?
तेलंगणानं २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आणलं. देशभरातल्या गेम बनवणाऱ्यांची आयजीडीसी ही परिषद हैदराबादेत अनेक वर्षं भरली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं केंद्र इथं आहे. 'छोटा भीम'वाली ग्रीन गोल्ड इथलीच. २०१७ मध्ये आलेला 'असुरा' हा गेम बनवणारा ओगर हेड स्टुडिओही हैदराबादचाच.

म्हणजे हात आहेत, यंत्रं आहेत. आणि घरं? १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्या भागातल्या जुन्या वाड्यांत माळवद, माडी, धान्याचं बळद, तळघर. इकडे हैदराबादच्या जुन्या देवड्या. लपायला आणि घाबरायला परदेशी बंगलाच हवा असं कुठंय? नांदेड-बिदरहून गेमिंगच्या नोकरीसाठी हैदराबाद गाठणाऱ्या पोरांनी गावचा वाडा आधी नीट बघून घ्यावा. पडायच्या आत त्याचे फोटो आणि मापं घेऊन ठेवली, तर पुढं कधीतरी गेमच्या कामी येतील.