बागेत आलेलं नाटक

मैत्रिणींनो, आज आम्ही गोष्ट आणलीय कॅनडातल्या माँट्रियल शहराची. १९५०च्या सुमारास तिथल्या बहुतेकांची मायबोली फ्रेंच. पण मोठ्या कारखान्यांत साहेबाची भाषा इंग्रजी. घरी एक बोली, पोटासाठी दुसरी. कामगारवस्तीतल्या पोरांना तिकीट काढून नाटकाला कोण नेणार?

१९५३ साली महापालिकेच्या उद्यान खात्यानं नाटकच बागेत पाठवलं. 'ला रुलोत' म्हणजे चाकांवरचं घर. गाडी ओढत आणायची, तिची एक बाजू उघडायची, की झाला रंगमंच! उन्हाळ्याच्या सुट्टीत आज ही बाग, उद्या ती. पैसा लागत नसे. आयाबाया लेकरं घेऊन बसत, आणि राजा, राक्षस सगळे घरच्याच भाषेत बोलत. आम्हांला यातलं हेच मोठं वाटतं.

ही गाडी उभी केली पॉल ब्विसोनो यांनी. ते मूळचे पॅरिसचे, गाणाऱ्यांच्या ताफ्याबरोबर देशोदेशी हिंडलेले. भंगारातल्या वस्तूंतून नाटकाचं सामान करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. (आपल्याही माळ्यावर काय थोडं पडलंय!)

या गाडीवर काम केलेल्यांत इव्हॉन देशाँ हा कामगारवस्तीतला मुलगा होता. पुढे १९६८ साली तो रंगमंचावर उभा राहिला. मालकाला देव मानणाऱ्या भाबड्या कामगाराचं सोंग त्यानं आणलं, तेही आपल्या गल्लीतल्या फ्रेंचमध्ये. लोक पोट धरून हसले.