खरी प्रत कोणती?

नक्कल करून ठेवण्यात माणसाचा हेतू साधा असतो : एक प्रत गेली तर दुसरी हाताशी असावी. परंतु प्रती दोन झाल्या की त्यांतली खरी कोणती, हा तंटाही उभा राहतो. बखरींच्या नकला ज्यांनी ताडून पाहिल्या आहेत त्यांना तो ठाऊक आहे. संगणकाच्या राज्यात तो कसा वाढला व कसा मिटत गेला, हे मला पोटापाण्याच्या उद्योगामुळे जवळून पाहता आले. मी सांभाळतो त्या शोधयंत्राचे नाव इलॅस्टिकसर्च.

त्याचा उगम चक्क पाकशास्त्रात आहे. शाय बॅनन यांची पत्नी लंडनला स्वयंपाक शिकत होती. तिच्या पाककृती चटकन सापडाव्यात म्हणून त्यांनी डग कटिंग यांच्या ‘ल्युसीन’चा आधार घेऊन एक साधन रचले. त्याच वाटेने २०१० साली इलॅस्टिकसर्च जन्मास आले. त्यात माहितीचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याची एक मुख्य प्रत आणि तिच्या नकला निरनिराळ्या यंत्रांवर राहतात. नोंद आधी मुख्य प्रतीत होते, मग नकलांत उतरते. मुख्य प्रत कोणती, हे यंत्रांनी आपसांत निवडलेला एक कारभारी ठरवतो.

मधला संपर्क तुटला म्हणजे अनर्थ होई. दोन्हीकडच्या यंत्रांना वाटे, उरलो ते आपणच. मग कारभारी दोन, मुख्य प्रतीही दोन. संपर्क जुळल्यावर एका बाजूच्या नोंदी निमूटपणे पुसल्या जात. यावर तोड बहुमताची होती : पाच यंत्रांत किमान तिघांची संमती हवी. पण ती संख्या माणसाने मांडायची होती, आणि एखादे यंत्र दोन्ही बाजूंना दिसत असेल तर तीही पुरी पडत नसे. २०१४ साली काइल किंग्सबरी यांनी कसोटी लावून दाखवले, की ‘पोचली’ म्हणून पावती दिलेल्या नोंदीही हरवतात.

तेथून सुधारणा झाल्या. २०१६ मध्ये कोणत्या नकला अद्ययावत आहेत याची यादी ठेवली जाऊ लागली. २०१७ मध्ये प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळाला. २०१९ मध्ये बहुमताचा हिशेब यंत्रांनीच आपल्या अंगावर घेतला.

आज नक्कल बसली नाही तर पिवळी खूण दिसते. तिची कारणे बहुधा घरगुती असतात. यंत्र एकच असले तर मुख्य प्रतीशेजारी तिची नक्कल ठेवली जात नाही. डिस्क शेकडा ८५च्या वर भरली तरी नवी नक्कल तेथे उतरत नाही. कारण विचारले तर यंत्र ते सांगते. मुख्य प्रतच नाहीशी झाली तर मात्र खूण लाल होते. अशा वेळी एखादी शिळी नक्कल उरलेली असते, आणि तिलाच मुख्य करावे असा मोह वरिष्ठांना आणि आपल्यालाही होतो. तशी आज्ञा देता येते. पण त्याबरोबर ‘माहितीचा नाश मान्य आहे’ असे शब्दांत लिहून द्यावे लागते.

ही अट मला या साऱ्या इतिहासाचे सार वाटते. पूर्वी यंत्र गप्प राहून नोंदी गमावी आणि कोणाला पत्ता लागत नसे. आता ते अडून बसते, लोक चिडतात, काम खोळंबते. परंतु काय गेले याची जबाबदारी कोणाची, हे लेखी राहते. खरी प्रत हाती नसेल तर तसे सांगणे, हेही नक्कलकाराचे कर्तव्यच आहे.